सात जागांचं वाद्य

आषाढात लग्नं नसतात. त्यामुळे आमच्याकडचे बँडवाले जूनच्या शेवटापासून गणपतीपर्यंत मोकळे. कोणी भातलावणीला घरी जातो, कोणी वापीला रोजावर लागतो, कोणी ट्रॉलीवरचे स्पीकर उघडून सोल्डरिंग करत बसतो. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका मोकळ्या महिन्यात आम्ही तेरा जणांनी सिल्वासातल्या एका शाळेचा हॉल चार दिवस भाड्याने घेतला आणि स्वतःला कोंडून घेतलं. फुंकणारे आठ: तीन ट्रम्पेट, दोन युफोनियम, एक क्लॅरिनेट, एक अल्टो सॅक्सोफोन आणि माझा ट्रॉम्बोन. विजेवरचे चार: कीबोर्ड, बेस गिटार, ऑक्टोपॅड आणि पिकअप लावलेला बॅन्जो. तेरावा साइड ड्रमवाला. वरातीत जे वाजतं ते नाही, तर आमचं आम्ही बांधलेलं असं काहीतरी रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. तीन चिजा, मिळून बावीस मिनिटं.

मी पेशाने वादक नाही. १९९१ साली वापी स्टेशनात उतरलो तो यार्नच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून. त्या काळात करात सूट होती म्हणून सिल्वासात रोज नवी शेड उभी राहायची आणि महाराष्ट्रातून माझ्यासारखे पुष्कळ जण येत. रात्रपाळी करून मी सकाळी बँडबरोबर वाजवायचो. निवृत्त झाल्यावर बँडवाल्यांनीच मला ‘मास्तर’ केलं. त्या चार दिवसांत, आणि पुढे त्यातलं एक काम लांबलं त्यात, जे हाती लागलं ते इथे मांडतो. सगळं चुकून शिकलेलं आहे.

१. खुणा नसलेल्या वाद्यावर कानच मास्तर

माझे मामा पोलीस बँडमध्ये होते. निवृत्त होताना त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला जुना ट्रॉम्बोन मला दिला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. ट्रम्पेटला तीन कळा असतात, सनईला भोकं असतात, पेटीला पट्ट्या असतात. ट्रॉम्बोनला काहीच नाही. एका नळीवर दुसरी नळी सरकते, एवढंच. उलगडली तर सुमारे नऊ फूट भरेल अशी ती नळी. तिच्यावर सात जागा आहेत असं मानायचं. नळी पूर्ण आत असली की पहिली जागा, तिथे पेटीची काळी पाच. हात पुढे नेत नेत पूर्ण ताणला की सातवी, तिथे पांढरी तीन. दर जागेला सूर अर्ध्याने उतरतो. पण जागांमधलं अंतर सारखं नाही. नळी जितकी लांबते तितकी पुढची जागा आणखी लांब पडते. माझा हात आखूड, म्हणून सातवी जागा मला कायम थोडी चढीच लागायची.

मी नळीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. मामांनी थुंकी लावून पुसून टाकल्या. म्हणाले, “डोळे मीट. दिसतंय तोवर तू चुकणार.”

ते तेव्हा पटलं नाही. पटलं कारखान्यात. टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर एकाच वेळी दोनशेच्या वर धागे पळत असतात आणि सगळ्यांचा मिळून एक घोंगावणारा आवाज होतो. त्यातला एक धागा तुटला तरी जुना ऑपरेटर पाठमोरा असताना मान वळवतो. त्याने पाहिलेलं नसतं. आवाजातलं काहीतरी कमी झालेलं असतं, तेवढं त्याला पुरतं. ट्रॉम्बोनचा सूरही असाच पकडावा लागतो. आपण सुरावर आहोत हे नळी सांगत नाही, शेजारचा वादक सांगतो.

याच कारखान्यापायी एक मूर्खपणाही केला. धाग्याला गुंडाळताना जे कोनिंग ऑइल लावतात ते नळीला लावून पाहिलं. पहिले दोन दिवस नळी लोण्यासारखी सरकली. तिसऱ्या दिवशी, एका वरातीत, ऐन टिपेवर चिकटून बसली. धाग्याचं तेल धाग्याला. ट्रॉम्बोनला आतली नळी स्वच्छ पुसून क्रीमचा हलका हात आणि वर पाण्याचा फवारा, याला पर्याय नाही.

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन कमी का दिसतो, हेही वरातीतच कळतं. गर्दीत हात पुढे गेला की नळी नाचणाऱ्याच्या पाठीत. म्हणून बहुतेक जण कळा असलेला ट्रॉम्बोन किंवा युफोनियम घेतात. बँडची बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात. नादिर अली अँड कंपनीचं तिथलं काम १८८५ पासूनचं. देशभरात पितळ वाजवणाऱ्यांना ते गाव ठाऊक असतं, जसं पेटीवाल्याला पालिताणा.

२. म्होरक्याने जागा घेऊ नये, जागा द्यावी

नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्यात जर्मन मशिनं बसवायला एक फिटर आला होता. दीड महिना राहिला. मी ट्रॉम्बोन वाजवतो हे कळल्यावर जाताना त्याने मला एक कॅसेट दिली. वर पेनने लिहिलं होतं: पीटर हर्बोल्झहायमर, ‘वाइड ओपन’. मी तोवर ट्रॉम्बोन ऐकला होता तो पोलीस बँडमध्ये आणि हिंदी गाण्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये. ही कॅसेट लावली आणि वाटलं, खोलीच्या भिंती चार चार फूट मागे सरकल्या. खालून इलेक्ट्रिक पियानो आणि बेस गिटार, वरून पितळ, आणि मध्ये भरपूर हवा.

हा हर्बोल्झहायमर बुखारेस्टमध्ये १९३५ साली जन्मला, पुढे जर्मनीत आला, तरुणपणी अमेरिकेत गिटार वाजवली आणि परत येऊन कळांचा ट्रॉम्बोन हातात घेतला. १९६९ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, ‘ऱ्हिदम कॉम्बिनेशन अँड ब्रास’. नेहमीच्या बिग बँडमध्ये पाच सॅक्सोफोनची फळी असते. याने ती फळी मोडली. पितळेची आठ वाद्यं ठेवली, सॅक्सोफोन एखाद-दुसरा, आणि उरलेली जागा विजेच्या कीबोर्डला, गिटारला, तालवाद्यांना दिली. ‘वाइड ओपन’ १९७३ सालचं. त्याआधी १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला कुर्ट एडेलहागेनच्या बँडने जे संगीत वाजवलं, त्याची मांडणी करणाऱ्या तिघांत हाही होता. पुढे जवळपास वीस वर्षं त्याने जर्मनीच्या तरुण वादकांचा राष्ट्रीय जॅझ वाद्यवृंद घडवला. २०१० मध्ये गेला.

कॅसेट पन्नासदा ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बँड ट्रॉम्बोनवाल्याचा आहे, पण म्होरक्या शोधावा लागतो. तो पुढे येऊन वाजवत राहत नाही. कोणी कुठे बोलायचं, कोणी कुठे गप्प बसायचं, हे त्याने आधी कागदावर ठरवलेलं आहे, आणि त्याची खरी करामत तिथे आहे.

आपल्या गाण्यात ‘जागा घेणं’ म्हणतात. गवयाने एखादी नाजूक जागा घेतली की आपण मान डोलावतो. मीही आयुष्यभर जागा घ्यायलाच शिकलो. पहिल्या दिवशी आमच्या पहिल्या चिजेत मी ट्रॉम्बोनला चार ठिकाणी एकट्याने वाजवायला ठेवलं होतं. संध्याकाळी सगळे मिळून ऐकायला बसलो. माझी जागा आली की बेसवाल्या पोराचा पाय थांबायचा आणि जागा संपली की पुन्हा हलायला लागायचा. बोललं कोणीच नाही. वयाने मोठा, त्यात मास्तर. पण तो पाय मी पाहिला होता. रात्री घरी जाऊन वहीतल्या तीन जागा खोडल्या. एक क्लॅरिनेटला दिली, एक बॅन्जोला, आणि तिसऱ्या ठिकाणी कोणालाच काही दिलं नाही, फक्त बेस आणि ऑक्टोपॅड चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी ऐकताना सगळ्यात छान लागली ती तिसरी.

त्या कॅसेटच्या कंपनीबद्दल नंतर वाचलं, तेही सांगतो. ‘एमपीएस’ ही कंपनी फिलिंगेन नावाच्या छोट्या गावातली. रेडिओ बनवणाऱ्या ‘साबा’ कारखान्याच्या घराण्यातल्या हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांना रेकॉर्डिंगचं वेड. ऑस्कर पीटरसनसारखा पियानोवादक त्यांच्या घराच्या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेला आणि त्याची रेकॉर्डं जगभर गेली. चांगलं रेकॉर्डिंग मोठ्या शहरातच होतं हा माझा समज त्या दिवशी गेला. फिलिंगेन काय नि सिल्वासा काय, कारखान्याचंच गाव.

३. वीज आली की आधी घरघर ऐका

सगळे अॅम्प्लिफायर चालू केले आणि कोणी काही वाजवायच्या आत हॉलमध्ये एक सूर लागला. जाड, सपाट, न थांबणारा. आमचा क्लॅरिनेटवाला म्हणाला, “मास्तर, तंबोरा कोणी लावला?”

ती विजेची घरघर होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ते हेलकावे स्पीकरमध्ये शिरले की पांढरी पाचच्या जरा वर असा खर्जातला सूर ऐकू येतो. आमचा सा काळी पाच, म्हणजे ही घरघर आम्हाला किंचित चढ्या शुद्ध धैवतासारखी लागत होती. ज्या चिजेत धैवत वर्ज्य होता, तिचं पार वाटोळं.

वरातीत हे कधी कळत नाही. तिथे जनरेटर स्वतःच एवढा ओरडतो की घरघर त्याच्या पोटात जाते. बंद खोलीत माइक लावला की घराण्याची सगळी भांडणं बाहेर येतात. दोन तास शोधल्यावर कारण सापडलं. कीबोर्ड स्टेजवरच्या प्लगवर होता, बेसचा अॅम्प मागच्या भिंतीच्या प्लगवर, रेकॉर्डिंगचं यंत्र ऑफिसातून ओढलेल्या वायरीवर. तिन्हीकडचं अर्थिंग वेगवेगळं, आणि त्यांच्यातल्या फरकाचा प्रवाह आमच्या आवाजाच्या वायरींतून वाहत होता. सगळं एकाच ठिकाणाहून घेतलं, एकाच बोर्डावर आणलं, आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर नेल्या. घरघर नाहीशी नाही झाली, पण कुजबुजीवर आली. अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवायची एक युक्ती मंडपवाले सांगतात. ती करू नका. आवाज जातो, पण एखाद दिवशी माणूसही जातो.

त्याच दिवशी मी स्वतः एक घोटाळा केला. पितळेच्या वाद्यात श्वासाची वाफ थंड होऊन पाणी साचतं. ट्रॉम्बोनच्या वळणावर त्यासाठी छोटी चावी असते. ती दाबायची, फुंकायचं, पाणी खाली. पन्नास वर्षांची सवय. टेक संपला, मी चावी दाबली आणि पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डावर. ठिणगी, फट्ट आवाज, हॉलमध्ये अंधार. कोणाला काही झालं नाही ते नशीब. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फुंकणाऱ्याच्या पायाशी जुन्या पंच्याची घडी आणि बोर्ड खुर्चीवर, जमिनीपासून वर. रस्त्यावर वाजवताना पाणी मातीत जातं, ते कोणाच्या गावी नसतं. वीज आणि पितळ एका खोलीत आणायचं तर आधी हे पाणी कुठे जाणार ते ठरवा.

४. जो वाकू शकतो, त्याने वाकावं

पितळ गरम झालं की सूर चढतो. नळीतली हवा तापते, आवाज तिच्यातून वेगाने जातो, आणि सूर वर सरकतो. जुलैतल्या सिल्वासाची दमट हवा, पंखे बंद, कारण माइकमध्ये फरफर येते. अर्ध्या तासात आमचं पितळ कीबोर्डच्या वर गेलं. कीबोर्ड बिचारा कारखान्यातून जसा आला तसा, ४४० हर्ट्झवर ठाम.

खरं तर ट्रम्पेटला सूर उतरवण्यासाठी एक नळी बाहेर ओढायची सोय असते. पण आमच्या तीनपैकी दोन ट्रम्पेटच्या त्या नळ्या वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे जाम. त्यावर हातोडी घालायचं धाडस कोणाला नव्हतं. सगळे कीबोर्डवाल्या पोराला म्हणत होते, “अरे, तू बरोबर आहेस, आम्ही चुकतोय.” आणि तो बरोबर असल्यामुळेच गोष्ट जमत नव्हती.

शेवटी त्याने कीबोर्डच्या आतल्या मेनूत शोधून सूर ४४४ वर नेला. बेस आणि बॅन्जो तारा पिळून वर आले. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी आम्ही अर्धा दिवस भांडलो होतो. बरोबर कोण हे ठरवण्यापेक्षा बदलू कोण शकतो ते आधी पाहावं, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

लिखापढीचंही असंच. आमच्यातला एकही जण पाश्चात्त्य नोटेशन वाचत नाही. वह्यांमध्ये सारेगम. बाहेरच्याला हे मागासलेपण वाटतं, पण त्यात एक मोठी सोय आहे. ट्रम्पेटवाल्याने कळा न दाबता जो सूर काढला तो त्याच्या पुस्तकात एक, पियानोच्या पट्टीवर दुसरा आणि अल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या हिशेबात तिसराच. नोटेशन लिहिणाऱ्याला प्रत्येकासाठी वेगळा कागद काढावा लागतो. सारेगममध्ये सा कुठे हे एकदा ठरलं की प्रत्येक जण आपल्या वाद्यावर तो शोधतो, वही एकच.

मुंबईच्या फिल्मी संगीतात मात्र या दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनीच मोठं काम केलं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या संगीतशाळांमधून पोरं नोटेशन शिकली आणि मुंबईला येऊन वाद्यवृंदांत बसली. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि ते तिचे कागद करायचे. सिल्वासातही पोर्तुगीज होते, १७८३ पासून. जुनं चर्च अजून उभं आहे. पण आमच्या वाट्याला तो कागद आला नाही, वही आली. मी कुरकुर करत नाही. फक्त एवढं करतो की आता वहीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘सा म्हणजे काळी पाच’ असं लाल पेनने लिहितो. दुसऱ्या चिजेत तेवढं लिहायचं राहिलं होतं आणि युफोनियमवाल्याने पहिला अख्खा टेक पांढरी चारमध्ये वाजवला.

५. चालणाऱ्याला खुर्चीत बसवू नये

रेकॉर्डिंगवाल्याने आम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि कानात टिकटिक लावली. लय हलू नये म्हणून. वाजवायला सुरुवात केली तर तेरा माणसं तेरा दिशांना. गणपतीत सात-सात तास एका लयीत वाजवणारी ही मंडळी. मला शरमल्यासारखं झालं.

मग साइड ड्रमवाला म्हणाला, “मास्तर, उभं राहून बघू का?” उभे राहिलो. जागच्या जागी पाय टाकायला लागलो आणि लय आपोआप घट्ट झाली. बँडवाल्याचं घड्याळ त्याच्या पायात असतं. आमच्यातले अर्धे जण लहानपणापासून चालत वाजवायला शिकलेले. त्यांना बसवलं म्हणजे घड्याळाची किल्लीच काढून घेतली.

पण लगेच नवी पंचाईत. चपला माइकमध्ये. फट फट फट. चपला काढल्या, तर लाकडी स्टेज दणदणायला लागला. शेवटी मंडपवाल्याकडून पंचवीस गाद्या आणल्या. काहींवर आम्ही उभे, काही भिंतींना टेकवलेल्या, आणि साइड ड्रमभोवती गाद्यांची खोलीच. पितळ एका बाजूला, विजेवरचे मध्ये. ट्रॉम्बोनचं तोंड सरळ समोर आवाज फेकतं, त्यामुळे मी सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा आहे, असा फोटो आहे आमच्याकडे. पोरांनी तो ग्रुपवर टाकून त्यावर नाही नाही ते लिहिलंय.

सगळ्यांना एकत्र वाजवायचं की एकेकाला वेगळं रेकॉर्ड करून जोडायचं, यावरही वाद झाला. एकेक करून घेतलं तर चूक दुरुस्त करता येते. पण जुनं सगळं एकत्रच वाजलेलं आहे. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, पडद्यावर आपले भगवानदादा, आणि ट्रम्पेटवर गोव्याचा चिक चॉकलेट, जो चित्रपटात त्याच्या वादकांसह दिसतोही. त्या काळी एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणून सगळे एकमेकांकडे डोळे लावून असत, आणि ते डोळे गाण्यात ऐकू येतात. आम्ही पितळ आणि ताल एकत्र घेतला, फक्त बॅन्जो नंतर वेगळा, कारण त्याचा पिकअप शेजारच्या प्रत्येकाचा आवाज ओढून घ्यायचा. पहिल्या चिजेचे अकरा टेक झाले. ठेवला नववा. दहावा आणि अकरावा जास्त बिनचूक होते, पण थकलेले होते.

६. वाजवणाऱ्याचे पैसे आधी बाजूला काढा

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण सगळेच हे शेवटी लिहितात.

माझी समजूत अशी की चार दिवस हौसेचे, पैशाचा प्रश्न येणार नाही. मी हॉल, गाद्या, रेकॉर्डिंगवाला, जेवण यांचा हिशोब मांडला होता. वादकांच्या नावापुढे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना एक ट्रम्पेटवाला सहज म्हणाला, “आज शेतात मजूर लावलाय मास्तर, माझ्या ऐवजी.” एवढंच. तक्रार नव्हती. मला घास गिळवेना. मी ज्याला मोकळा महिना म्हणत होतो तो त्याचा लावणीचा महिना होता.

त्या रात्री बायकोशी बोललो आणि सकाळी प्रत्येकाला लग्नाच्या अर्ध्या बिदागीइतके पैसे दिले. नको नको म्हणत सगळ्यांनी घेतले. तिसऱ्या दिवशीचं वाजवणं पहिल्या दोन दिवसांपेक्षा चांगलं झालं. पैशामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण ती सकाळ तशी गेली नसती तर झालं नसतं, एवढं नक्की.

सिल्वासात बसून संगीत आणि पैसा यांचा विचार करायला लागलं की १९५४ आठवल्याशिवाय राहत नाही. पोर्तुगीजांना इथून हुसकवण्यासाठी पैसे हवे होते. सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला आणि पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. त्यातून मुक्तिलढ्याला मदत उभी राहिली. २२ जुलैला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. ज्यांच्या चाली आपण घरोघरी गुणगुणतो ते फडके, आपले बाबूजी, त्या लढ्यात जातीने उतरले होते. मोठ्या कलावंतांनी फुकट गायलं आणि त्यातून गाव सुटलं, हे खरं. पण फुकट गाणं हे देणाऱ्याने ठरवायचं असतं. मास्तरने दुसऱ्याच्या वतीने ठरवायचं नसतं.

२ ऑगस्टला इथे मुक्तिदिन असतो, बँडला कामं असतात. आमचं रेकॉर्डिंग त्याच्या आत संपवणं भाग होतं. दोन चिजा संपल्या. तिसरी राहिली, ती ज्याच्यामुळे राहिली त्याची गोष्ट शेवटी.

७. ज्याला मापात बसवता येत नाही, त्याच्या मापाचे आपण व्हावं

तिसऱ्या चिजेत तारपा हवा होता. इथल्या वारली वस्त्यांत तारपा माहीत नाही असा माणूस नाही. वाळवलेल्या भोपळ्याचं पोट, त्यात बांबूच्या दोन नळ्या, खाली ताडाच्या पानाचं लांब तोंड. वाजवणारा गाल फुगवून हवा साठवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात आणि तो सांगेल तसे वळतात. एका अर्थाने तो बिग बँडचा म्होरक्याच. फुंकतो आणि सगळ्यांना हलवतो.

खानवेलकडच्या एका पाड्यावर एक म्हातारे तारपकरी आहेत. मी जुलैत त्यांच्याकडे गेलो, माइकचं सांगितलं, पैशाचंही आधी सांगितलं, आता शहाणा झालो होतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता नाय. भात पिकू दे.” मी म्हटलं, बाबा, एकच दिवस, बंद खोलीत, कोण बघतंय. ते हसले. तारपा आढ्याला टांगलेला होता, धुरात. त्याकडे बोट करून म्हणाले, “त्याला कळतं.”

भात पिकेपर्यंत थांबलो. दिवाळीनंतर गेलो. हॉलमध्ये यायला ते तयार नव्हते, म्हणून आम्हीच बॅटरीवरचं रेकॉर्डिंगचं यंत्र, छोटा कीबोर्ड आणि ट्रॉम्बोन घेऊन पाड्यावर. पहिला सूर आला आणि कीबोर्डवाल्या पोराने माझ्याकडे पाहिलं. तो सूर ४४० मध्ये नव्हता, ४४४ मध्येही नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी होता. भोपळ्याला मेनू नसतो. भोपळा ज्या आकाराचा वाढला, नळीला भोकं ज्या बोटांच्या मापाने पडली, तोच त्याचा सूर. बाबांना जरा वर घ्या म्हणणं म्हणजे भोपळ्याला पुन्हा वेलावर जा म्हणण्यासारखं.

कीबोर्ड थोडा थोडा उतरवत जवळ आणला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॉम्बोनचा खरा उपयोग केला. डोळे मिटले, दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या मध्ये कुठेतरी नळी नेली आणि तारप्याचा सूर येईपर्यंत सरकवत राहिलो. ट्रम्पेटला हे जमलं नसतं, क्लॅरिनेटलाही नाही. जिथे जागा आहे असं मामांनी कधी शिकवलं नव्हतं, तिथे ती सापडली. बाबांनी वाजवता वाजवता भुवई उचलली. बस, तेवढंच.

दुसरा प्रश्न माइकचा. आम्ही स्टँडवर माइक लावून बाबांना समोर उभं केलं. दोन ओळी झाल्या आणि ते चालायला लागले. पोरं-बाया आधीच फेर धरून उभ्या होत्या, आणि तारपकरी एका जागी उभा राहिला तर फेर फिरणार कसा? माइक एकीकडे, बाबा दुसरीकडे. दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा आमच्या ऑक्टोपॅडवाल्या पोराने स्टँडवरून माइक काढला, हातात धरला आणि बाबांच्या मागे अंगणभर फिरला. वायर सांभाळायला मी त्याच्या मागे.

शहरात परत आल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “मास्तर, याचा आवाज कधी मोठा, कधी लहान. सपाट करून देतो, एका लेव्हलला येईल.” त्याने करून दाखवलंही. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि तारपा कुठल्यातरी खोलीत बसून वाजतोय असं वाटत होतं. मी म्हटलं, राहू दे जसं आहे तसं.

म्हणून आमच्या तिसऱ्या चिजेत विजेचा बेस आणि पितळ आपापल्या जागी उभे आहेत, आणि तारपा कधी अगदी कानाशी येतो, कधी अंगणाच्या टोकाला जातो. ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, इथे मिक्सिंग चुकलंय. पाड्यावर ऐकवलं तेव्हा बाबांच्या नातीने बरोब्बर त्याच ठिकाणी हात वर केला, जिथे फेर वळला होता.